जुन्या प्रोसेसरचा उशीर

दिग्रसहून जुना प्रोसेसर स्वस्तात आणला. गेम नीट चालायचा, फक्त लांबची झाडं नि घरं जरा उशिरा उमटायची. जुन्या प्रोसेसरवर एवढं चालायचंच.

परवा खेळताना स्क्रीनवरून मान वळवली, तर आमच्या पुसदच्या घराची भिंत क्षणभर उशिरा आली. डोळे तपासून घेतले, दोष निघाला नाही. मग मी प्रोसेसरच काढून डबीत ठेवला.

आज कॉम्प्युटर बंदच होता, मी भिंतीकडे टक लावून बसलो होतो. मागून धाकट्या बहिणीचा, दीपाचा आवाज आला, "दादा, जेवायले चाल ना. का भिंतच खातं आता?"

मी वळलो. आधी दार आलं, मग तिची ओढणी, हातातला पेला. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं.

"असा काहून पाहतं माह्याकडे?" ती हसली.

हसू नुसतं ऐकू आलं. मी वाट पाहत राहिलो.