पंख्यातला केस

घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. लेकीच्या लॅपटॉपचा पंखा मात्र महिन्याकाठी हमखास अडकायचा. "तुमच्याशिवाय कुणाला जमत नाही," म्हणत ती तो घेऊन यायची आणि बाबांचं भिंग, चिमटे पुन्हा टेबलावर यायचे.

आजही त्यांनी पात्यांमागे गुंडाळलेला लांब केस चिमट्याने अलगद सोडवला आणि सुईच्या टोकाने तेलाचा थेंब सोडला. पंखा भिंगरीसारखा फिरला.

"हल्ली केस फार गळतात माझे," लेक म्हणाली.

"गळू देत की." बाबांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "पण गळलेला केस स्वतःला गाठ मारून घेत नाही, बाई. ती सोडवताना डोळे दुखतात. पुढच्या महिन्यात नुसता गुंडाळून आण."