खिडकीजवळची पेटी

"सिस्टर, धरलं! हिनं माझं बोट धरलं!"

शाळेत शिकवणाऱ्या बाई खिडकीजवळच्या काचेच्या पेटीवर ओणवल्या होत्या. लेक दिवस भरण्याआधीच जन्मली, तेव्हापासून त्या रोज पेटीच्या झरोक्यातून हात आत घालून उभ्या राहत. त्या इवल्याशा तळव्यावर बोट नुसतं पडून असे. आज ते धरलं गेलं होतं.

सिस्टर जवळ आल्या आणि घुटमळल्या. "बाई, तुमची पेटी सकाळी तिकडे भिंतीपाशी हलवलीय. हा मुलगा आहे. दुसऱ्यांचा."

चटका बसावा तसा बाईंनी हात मागे घेतला. वर्गातली पोरं त्या पाठमोरी ओळखत. फळ्यावर लिहिता लिहिता, मागे न बघता, नाव घेऊन दटावत. आणि पोटची पोर ओळखू येऊ नये?

"अहो, टोपी, नळ्या, चिकटपट्ट्या. सगळी सारखीच दिसतात," सिस्टर म्हणाल्या.

दारात एक पोरगेलीशी आई उभी होती. मुलगा तिचा. ती रोज यायची, दारातूनच बघायची आणि परत फिरायची. तिला बघून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माफ करा हं, मला वाटलं माझीच..."

"खरंच धरलं त्यानं बोट?"

"हो."

"जोरात?"

"चांगलं घट्ट. सोडायला तयार नव्हता."

ती बेसिनकडे गेली आणि पेटीत हात घालण्याआधी धुतात तसे, बाह्या वर सारून, कोपरापर्यंत हात धुऊ लागली. धूतच राहिली.

बाई भिंतीपाशी गेल्या. हात आत घालायचा धीर होईना. या पायावरचा भार त्या पायावर टाकत राहिल्या. रोज त्यांची नजर नळ्यांवर असायची, नाहीतर पडद्यावरच्या आकड्यांवर. आज त्या काचेला नाक लागेल इतक्या वाकल्या. कपाळ केवढंसं! एक भुवई आहे, दुसरी अजून उगवायचीय. डाव्या कानाची पाळी दुमडलेली. नाक थेट आत्याचं. आत्याला कळलं तर गावभर मिरवेल.

"बाई, वेळ संपली," सिस्टरांनी आवाज दिला.

"थांबा ना." बाईंनी मान वर केली नाही. "अजून बघून झालं नाही माझं."