सूर्योदयानंतरचा नाष्टा

"आंघोळ झाली, इस्त्री झाली. आता दिवस तेवढा उगवू दे," असं म्हणत भूपालआप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि बाहेरच्या अंधाराकडं रागानं बघू लागले.

बेंगळूरच्या विमानतळावर, महागड्या तिकिटाच्या प्रवाशांना उतरल्यावर बसायला जो लाउंज असतो, त्यात ते आणि त्यांच्या पत्नी पद्मावतीआक्का पहाटेच येऊन पोचले होते. लंडनला लेकाकडं दोन महिने राहून आता निपाणीला परत. श्रेयांसनं हौसेनं बिझनेस क्लासची तिकिटं काढली होती आणि निघताना बजावलं होतं, "आप्पा, उतरल्यावर लाउंजमध्ये आंघोळ, इस्त्री, नाष्टा सगळं मिळतंय. बेळगावच्या विमानाला वेळ असतोय. सोडू नका."

सोडायचा प्रश्नच नव्हता. शेजारचे नागेंद्र गेल्या वर्षी असाच एक नाष्टा करून आले होते. तेव्हापासून निपाणीत बस्तीसमोरच्या, म्हणजे जैन मंदिरासमोरच्या, कट्ट्यावर दुसऱ्या कुणाच्या जेवणाला किंमत उरली नव्हती. तिथला तुपातला डोसा, तिथली फळं, तिथला उपमा. ऐकून ऐकून आप्पांचे कान किटले होते आणि तोंडाला पाणीही सुटलं होतं. या खेपेला नागेंद्रांची बोलती बंद करायची, असा त्यांनी चंगच बांधला होता.

तयारी विमानातच सुरू झाली. ढगांवर ऊन होतं तेव्हाच जेवण आलं, खास जैन पद्धतीचं. आप्पांनी ते परत पाठवलं.

"आज पोटभर खाऊन घ्या," आक्का म्हणाल्या.

"आणि नाष्ट्याला जागा कुठं ठेवू?"

"उद्याचं ध्यानात हाय न्हवं?"

"उद्याचं उद्या बघू. तू मला शिकवू नको."

आक्कांनी स्वतःचं ताट निवांत संपवलं, वर गोड पदार्थ मागून घेतला आणि खुर्चीचा पलंग करून ढाराढूर झोपल्या. आप्पांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. त्यांना खुर्चीच्या बटणांचा नाद लागला होता. पाय वर, पाय खाली, पाठ आडवी, पाठ उभी, असं करता करता विमान उतरलंसुद्धा.

आणि आता समोर नाष्टा मांडलेला होता, तुपाचा वास नाकात शिरत होता आणि सूर्याचा पत्ता नव्हता. उजाडल्याशिवाय अन्न तोंडात घालायचं नाही, हा आप्पांचा नेम. नेमाच्या बाबतीत माणूस कडक. रात्रीचं जेवण नाही, कांदा-बटाटा नाही, अष्टमी-चतुर्दशीला फक्त पाणी. लंडनमध्ये नातवाच्या वाढदिवसाचा केक त्यांनी अष्टमी म्हणून खाल्ला नव्हता. नातू रडला, सून अनुराधा रुसली, आप्पा हलले नाहीत. कट्ट्यावर त्यांना जो काही मान होता, तो या नेमांचाच होता.

काउंटरवरची मुलगी जवळ आली. आप्पांनी तिला कन्नडमध्ये वेळ विचारली. उत्तर मराठीत आलं.

"तुमी निपाणीकडचं न्हवं का? बोलण्यावरनं वळखलं. मी रचना, बेळगावजवळच्या पिरनवाडीची. नाष्टा आणू काय आप्पा?"

"दिवस उगवल्याबिगर आमी खाईत न्हाय, पोरी."

रचनाचा चेहरा पडला. इथं ठरावीक वेळच बसता येत होतं आणि यांची वेळ संपत आली होती. पण आपल्याकडचं माणूस उपाशी घालवायचं तिच्या जिवावर आलं. ती आत जाऊन साहेबांशी भांडली आणि हसत परत आली.

"बसा निवांत. पर आप्पा, डोशात बटाटा असतोय."

"बटाटा चालत न्हाय. सांबारात कांदाबी नको."

"सांगते. वेगळं करून देतील."

"लवकर सांग बाई. आज सकाळी लेकाच्या घरी वाटीभर पोहे खाल्लेत, त्येवढ्यावर हाय मी."

"अगं बाई! लई भूक लागली असंल," रचना हळहळली.

आक्कांनी चष्म्यावरून नवऱ्याकडं बघितलं. "अवो, आज सकाळी न्हवं—"

"तू मधी बोलू नको. मला सगळं कळतंय."

आक्कांनी रचनाला सांगितलं, "मला काय नको गं. दिवस उगवला की गरम पाणी दे फक्त."

टेबल भरत गेलं. बिनबटाट्याचा डोसा आला, बिनकांद्याचं सांबार आलं. इडल्या, उपमा, कापलेली पपई. शेवटी रचनानं स्वतःच्या डब्यातला बेळगावचा खव्याचा कुंदा वाटीत काढून आणला. आईनं पाठवलेला होता. आप्पांना भरून आलं. नागेंद्रांना कुंदा कुणी दिला नव्हता.

तेवढ्यात काचेपलीकडं लाल गोळा वर आला. आप्पांनी हात जोडले, डोळे मिटून मंत्र म्हटला आणि डोशाचा भला मोठा तुकडा मोडला.

"नागेंद्रा, आता बघ तू," ते पुटपुटले.

आक्कांनीही सूर्याला हात जोडले. मग रचनानं आणलेल्या गरम पाण्याचा एक घोट घेतला.

"चतुर्दशी लागली," त्या म्हणाल्या.

आप्पांचा हात तोंडाजवळच थांबला. "चतुर्दशी? ती उद्या न्हवं काय?"

"उद्याच उजाडलाय की ह्यो," आक्कांनी कुंद्याची वाटी हळूच रचनाकडं सरकवली. "तुमी झोपला न्हाईसा म्हणून रात झालीच न्हाय व्हय?"