रिकामी होणारी टाकी

टर्बो गाडीला आणखी वेग यावा म्हणून इंजिनात पाणी आणि मिथेनॉलचा फवारा सोडणारं किट तिने घरच्याच गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने बसवलं, आणि तिथून तिची मती गुंग झाली. संध्याकाळी काठोकाठ भरलेली किटची टाकी सकाळी कोरडीठाक! खाली फरशीवर एक थेंब नाही. तिने पाइप बदलला, सांधे आवळले, पंप दोनदा उघडून पाहिला. रविवारी तिची शर्यत होती, आणि फवाऱ्याशिवाय गाडी दामटणं म्हणजे इंजिनाची वाट लावणं.

"बाबा, गळतंय तरी कुठे?"

चाळीस वर्षं मेकॅनिकी केलेले बाबा स्टुलावरून म्हणाले, "इंजिनात पाणी घालायचं शास्त्र तुमचं, बाई. आम्ही जन्मभर बाहेरच काढत आलो."

शनिवारी ती पहाटेच उठून गॅरेजमध्ये गेली. बाबा बॉनेटखाली वाकून टाकीतलं पाणी बादलीत सोडत होते.

हसावं की रडावं, तिला कळेना. "अहो बाबा, याने इंजिनाला काही होत नाही!"

"ते कळतं गं मला," बाबा मान वर न करता म्हणाले. "गाडी किती पळेल, तेही कळतं."