पहारेनंतरची तीन चित्रं

ढोल्या मेंदूच्या स्कॅनच्या मशीनमधून बाहेर आला तोच भूक लागली म्हणत. आता मुंगीची पाळी. जुळी भावंडं, सोळा वर्षांची. एकाच्या तोंडाला कुलूप नाही, दुसरीचं तोंड उघडत नाही.

आई काचेच्या अलीकडे बसली होती. डॉक्टरीणबाई समजावत होत्या. पडद्यावर चित्रं येत राहतात, दोन चित्रांआधी आलेलंच परत आलं की बटण दाबायचं. तेवढं डोक्यात धरून ठेवताना मुलांचा मेंदू कुठे जागा होतो, मुलींचा कुठे, हे त्यांना ताडून बघायचं होतं. चित्रं घरातल्याच वस्तूंची हवी होती. फोटो आईनेच काढून दिले होते. कढई, छत्री, शिवणयंत्र, पहार. पहार कशाला, असं बाईंनी विचारलंही होतं. घरातच असते, आई म्हणाली होती.

"सांगितलेलं काम मात्र दोघंही सारखंच विसरतात," आई म्हणाली. बाई हसल्या.

आई हसली नाही. नवरा नाहीसा झाला त्या रात्री जिन्याची खालची पायरी करकरली होती. दोन्ही मुलांपैकी कुणीतरी एक जिन्यात होतं. पोलिसांना दोघांनीही सांगितलं, आम्ही झोपलो होतो. कोण होतं, एवढंच तिला कळायला हवं होतं. ढोल्याचा बापाशी छत्तीसचा आकडा, म्हणून तिचा संशय त्याच्यावर. कळल्यावर काय करायचं, ते तिने ठरवून ठेवलं होतं. शेवटी आईच ती.

मुंगी बाहेर आली. बाईंनी निकाल दाखवला. ढोल्याची एकही चूक नव्हती. मुंगीचंही छान होतं, फक्त पहार दिसली की पुढची तीन चित्रं तिच्या डोक्यातून निसटायची. दर वेळी.

"मुलींचं असं होतं का?" आईने विचारलं.

"नाही हो. हे हिचं एकटीचंच."

आईने मान डोलावली. ढोल्याला म्हणाली, तू बसने घरी जा, आम्ही जरा लांबून येतो. तो कुरकुरत गेला.

गाडीत आईने मुंगीचा पट्टा नीट ओढला. तिचा फोन मागून घेतला, बंद केला, पर्समध्ये टाकला. दारांची कुलपं लागली. घराकडचं वळण मागे पडलं.

मुंगीने मागे वळून पाहिलं.

"आई, तू ती पहार धूत होतीस ना, ते मी पाहिलं. पण मी कुणाला सांगितलं नाही गं."