पायाचं माप

१९६०च्या सुमारास, ऊसमळ्यांच्या बेटावरच्या प्लेन मान्येन गावी, घराच्या पायरीवर बापलेक बसले होते. बूट चार, पाय तीन. तुलसीरामचा डावा पाय साखर कारखान्याच्या चरकात गेला, तरी बुटांचा जोड त्याने मोडला नव्हता. जयदेवच्या हातात फ्रान्समधल्या फुटबॉल क्लबचा करार होता. “वर्षाला नऊ हजार रुपये, बा.” “माझ्या पायाचे कारखान्याने तीनशे दिले. तुझे सोन्याचे काय रे? आणि किती वर्षांचा कागद?” “तिकडचा नियमच आहे, खेळाडू पस्तिशीपर्यंत बांधील. म्हणजे अजून सोळा वर्षं.” “माझ्या आज्याने इथल्या ऊसमळ्याच्या पाचच वर्षांच्या कागदावर अंगठा उठवला. रत्नागिरी त्याला परत दिसली नाही.” जयदेवने आईची शिवणाची टेप काढली. “पहिल्या पगारात तुझा पाय बनवून पाठवतो. माप हवं.” माप दिलं की पोरगा गेलाच, हे तुलसीरामला कळत होतं. ऊन कलल्यावर त्याने विजार दुमडली. जयदेवने टेप लावली. गुडघ्याखाली साडेपाच इंच.