भिकनचा सांधा

"भोक कोठे शे ते दखाड," रुपचंदनाना म्हणाले. "दुसरं काही नको माले."

भिकनने अंगाखाली घालायचं पोतं उचललं, पण तो लगेच व्हॅनखाली शिरला नाही. सोनगीरच्या फाट्यावर त्याचं गॅरेज पंधरा वर्षं होतं. त्याचं वेल्डिंग कधी सुटत नाही अशी ख्याती. गावात लग्न ठरलं की कोणीतरी चेष्टेने म्हणायचंच, भिकनचा सांधा लागला, आता काळजी नाही. नानांच्या या जुन्या पेट्रोल व्हॅनच्या सायलेन्सरचा तुटका पाइपही त्यानेच जोडून दिला होता. त्यानंतर आठच दिवसांनी नानांच्या पत्नी, ताईबाई काकू, त्याच गाडीत वारल्या.

पाचोऱ्याजवळच्या माहेराहून परतताना मागच्या सीटवर त्यांचा डोळा लागला. धुळ्यात नाना चहासाठी उठवायला गेले, तर त्या उठल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, गाडीचा धूर अंगात भिनला, त्यात हृदय आधीच कमजोर. आता तेरावं होऊन चार दिवस झाले होते.

"नवलभाऊ काय म्हणस?" भिकनने विचारलं. नवल नानांचा मुलगा, सुरतेला नोकरीला होता.

"तो म्हणस, वेल्डिंग कच्चं निंघनं ते भिकनवर केस करसू." नाना जरा थांबले. "मी तुनं नाव लेवाले नही उनू. पन गाडी मी चालाडी ना, भिकन. ती मना मांगे मरी राहिंती आनि मी खिडकी उघडी ठीसन गानं ऐकी राहिंतू. मनाकडथून काही चुकनं व्हई, ते मी जगाव नही."

आपण जगणार नाही, हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, म्हणून भिकनला जास्त भीती वाटली. नानांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर चहाचे काळपट डाग होते. काकू असत्या तर त्यांनी हा सदरा अंगात घालू दिला नसता.

"तुम्ही शेजारी चहा प्या, नाना. मी देखस."

नाना टपरीच्या बाकावर जाऊन बसले. भिकनने इंजिन चालू केलं, सायलेन्सरच्या तोंडात ओलं फडकं कोंबलं आणि साबणाचं पाणी घेऊन गाडीखाली सरकला. जिथून धूर गळतो तिथे पाण्याला फुगे येतात. आधी त्याने आपल्या सांध्यावर पाणी सोडलं.

फुगा आला नाही. त्याने पुन्हा पाणी सोडलं, इंजिनाचा वेग वाढवून पुन्हा बघितलं. सांधा ठणठणीत होता. पुढच्या सीट काढून इंजिनावरचं झाकण उघडलं, पत्र्याची भोकं बुजवणारी रबरं एकेक दाबून पाहिली. आत उदबत्ती लावून दारं बंद केली, तर तिचा धूरही सरळ वर गेला. गाडी कुठेच गळत नव्हती.

भिकन पोत्यावर बसला. आपल्या हातून काकू गेल्या नाहीत. त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची लगेच लाजही वाटली.

मागच्या दाराचं रबर तेवढं बघायचं राहिलं होतं. वर उचलायचं ते दार उघडलं तेव्हा त्याच्या कडेला आणि खाली पत्र्यावर काळे ओघळ दिसले. ग्रीस समजून त्याने ते पेट्रोलने पुसले. निघाले नाहीत. नखाने खरवडले, तरी निघाले नाहीत. लॉकच्या कडीत सुतळीची गाठ अजून तशीच होती.

केळीचा चीक. असले डाग जन्मात जात नाहीत. नानांच्या बाहीवरचे डाग चहाचे नव्हते.

तो टपरीवर गेला. "नाना, त्या दिनले गाडीमा केळी भरी व्हती का?"

"केळीना खांब. कानबाई देवीना मांडवकरता. तुनी काकूले माहेरना मळानाच पाहिजे व्हतात. टपवर बांधतूत ते वारामा पानं फाटतीस, म्हनीसन मी आतच घालात."

"मावनात?"

"हातभर भायेर राहिनात. दार सुतळी लाईसन बांधं." एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच नानांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं. "इतला जपीसन आनात, एक पान फाटनं नही. तिले दखाडानं राही गयं."

मागचं दार अर्धवट उघडं ठेवून गाडी पळवली की सायलेन्सरचा धूर मागे राहत नाही, गाडीच्या आत ओढला जातो. भिकनला हे त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. नानांना कोणी शिकवलं नव्हतं.

"मंग? सापडनं का?" नानांनी विचारलं.

"देखस अजून. तुम्ही बसा."

तो परत आला. कडीतली सुतळी सोडवून त्याने खिशात घातली आणि दार नीट लावून घेतलं. गॅरेजच्या पाटीकडे बघितलं. पंधरा वर्षांपूर्वी ती त्याने स्वतःच रंगवली होती. पेटीतून छिन्नी आणि हातोडा घेऊन तो पुन्हा गाडीखाली सरकला. एक कंटेनर घरघरत फाट्याजवळ येईपर्यंत तो थांबला. आवाज अगदी जवळ आला, तेव्हा त्याने आपल्याच सांध्यावर छिन्नी ठेवली आणि हातोडा हाणला.

"नाना," त्याने गाडीखालूनच हाक मारली, "आठे या. मनं वेल्डिंग कच्चं निंघनं."